मुलुंडच्या गच्चीवरची हजेरी

मी रिपीटर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एक सात मजली इमारत आहे. तिच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत एक पत्र्याचं कपाट आहे आणि त्या कपाटात मी असतो. सोसायटीतली माणसं मला 'वायरलेसवाल्यांचा डबा' म्हणतात. म्हणोत बापडी.

माझं काम सांगायला सोपं आहे. हातात मावणारा वायरलेस सेट स्वतःच्या जोरावर फार लांब बोलू शकत नाही. मध्ये इमारती येतात, डोंगर आडवा येतो. म्हणून तो मला सांगतो आणि मी तेच, त्याच क्षणी, माझ्या उंच काठीवरच्या अँटेनातून चहूकडे सांगतो. भांडुपचा माणूस मरोळच्या माणसाशी बोलतो तो माझ्या तोंडाने. स्वतःचं मी अक्षर बोलत नाही. उभा जन्म दुसऱ्यांचं बोलण्यात गेला. आज पहिल्यांदाच आपलं काही सांगायला बसलोय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

मला घडवलं शिवदासांनी. राहणार भांडुप, नोकरी टेलिफोन खात्यात. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, निव्वळ हौसेपोटी वायरलेसवर बोलणारी काही मंडळी असतात, त्यांना हॅम म्हणतात. शिवदास त्यांतले जुने. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जायला लागतात, हे भंगार बाजारात जायला लागले. बंद पडलेल्या एका टॅक्सी कंपनीचे दोन सेट त्यांनी तिथून उचलले. एक माझा कान झाला, दुसरा तोंड. पण दोन्ही एकाच वेळी चालायचे म्हणजे तोंडाचा आवाज कानात शिरणार आणि मी ठार बहिरा होणार. ते टाळायला मध्ये तांब्याची सहा नळकांडी बसवली आणि ती जुळवण्यात शिवदासांचा अख्खा उन्हाळा गेला. भर दुपारी त्या खोलीत घाम पुसत एकेक स्क्रू पाव वेढा फिरवायचे, मीटर बघायचे आणि परत उलटा फिरवायचे.

त्यांची बायको, राधाकाकू, भांडुपहून डबा घेऊन यायच्या आणि गच्चीच्या जिन्यावर टेकायच्या. "हे तुमचं पोर बोलणार कधी?" त्यांनी एकदा विचारलं. शिवदास म्हणाले, "आधी त्याला नीट ऐकू तर येऊ दे."

मला चालू केलं त्या दिवशी कुणीतरी नारळ आणला होता. शिवदास म्हणाले, नारळ किसून खा, मला आधी अर्थिंगची तार आवळू द्या. तेवढ्यात कुणी हौसेने राधाकाकूंच्या हातात सेट दिला, दोन शब्द बोला म्हणाले. शिवदासांनी तो अलगद काढून घेतला. लायसन्स नाही तर बोलायचं नाही. त्या बाबतीत माणूस फार कडक. काकूंना राग आला असेल, पण पुन्हा कधी त्यांनी बटणाला बोट लावलं नाही.

त्यानंतर माझे फार चांगले दिवस सुरू झाले. रोज संध्याकाळी माझ्यावर हजेरी होते. नाहूरची श्वेता ती घेते. कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि तिच्याकडून परवान्याच्या परीक्षेची तयारी शिवदासांनीच करून घेतली होती. ती एकेकाला पुकारते, तो 'हजर' म्हणतो, दोन गोष्टी सांगतो, मग पुढचा. घाटकोपरचे लवू, मग भांडुपचे शिवदास, मग मरोळचा राजेश, असा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला.

हे सगळं ऐकता ऐकता मला माणसांच्या खोडी कळत गेल्या. बटण दाबायच्या आधी माणूस खाकरतो. सांगण्यासारखं काही नसलं की 'माझा आवाज कसा येतोय?' विचारतो. काल चांगला होता, आज काय धाड भरणार आहे आवाजाला? लवू रोज न चुकता बाल्कनीतल्या अळूची खबरबात देतात. राजेशचं मरोळला दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून त्याचं पोट भरत नाही, उरलेली माझ्यावर ओततो. शिवदास मात्र मोजकं बोलायचे. आज डोंगरावर धुकं आहे, सेट कोरडे ठेवा. एवढंच. पण ते बोलले की सगळे गप्प बसून ऐकायचे.

दोन वर्षांपूर्वी शिवदासांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, फक्त शब्द ओठांपर्यंत पोचत नव्हता. मंडळी भेटायला गेली, फळं घेऊन गेली. पण जो उत्तर देत नाही त्याच्यापुढे बसायचं कसं, हे माणसांना कुणी, शिवदास परीक्षेचं शिकवायचे तसं, बसवून शिकवलेलं नसतं. बोलणारा बोलून बोलून थकतो, पंख्याकडे बघतो आणि चहा संपवून उठतो. दोन-चार खेपा झाल्या आणि मग प्रत्येकाला काही ना काही काम निघालं.

श्वेता काही दिवस हजेरीत त्यांना पुकारायची. उत्तर यायचं नाही. ती शांतता सगळ्यांच्याच जिवावर यायची. मग एका संध्याकाळी लवू झाल्यावर तिने थेट राजेशचं नाव घेतलं. मनात वाईट काही नव्हतं तिच्या. उलट मायेपोटीच तिने ते केलं, आणि कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते रिकामं बटण सुरू झालं.

रिकामं म्हणजे काय, तर कुणीतरी सेटचं बटण दाबतो, बोलत काहीच नाही, आणि सोडून देतो. मी इमानदारीत ते पुढे पाठवतो. सगळ्यांना खट् असा आवाज आणि पाठोपाठ एक सुस्कारा ऐकू येतो. हॅम मंडळींत हे फार असभ्य मानतात. आपलं नाव न सांगता बटण दाबणं म्हणजे दाराची कडी वाजवून पळून जाणं.

मी मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं. सेट ओळखायला मला नाव लागत नाही. प्रत्येकाची काहीतरी खोड असते. हा सेट सुरुवातीला जरासा घसरायचा आणि मग सावरायचा, जिना चढताना एखाद्याचा गुडघा कुरकुरावा तसा. माझी सगळी चाचणी ज्या सेटवरून झाली तो हाच. शिवदासांचा.

रोज एकदाच दाबायचे. तेही एका ठरावीक वेळी. लवूंचं अळूपुराण संपलं की, आणि श्वेताने राजेशला पुकारायच्या आत. मला कळत होतं ते काय करताहेत. पण मला आलेलंच पुढे पाठवता येतं. जे आलंच नाही ते मी कुठून सांगू?

राजेशला वेगळंच वाटलं. "लवूकाका झाले की बरोब्बर माझ्या आधी," तो भर हजेरीत कडाडला. "माझ्यावरच खुन्नस आहे कुणाची तरी. एकदा सापडू दे, वाट लावतो त्याची." श्वेता म्हणाली, दुर्लक्ष कर, दमेल आपोआप. पण ते बटण काही दमलं नाही. राजेशचा पारा रोज थोडा थोडा चढत गेला. आपलं नाव यायच्या आधी तो वाट बघायचा, आणि खट् झालं की चिडायचा. बाकीची मंडळीही कुरकुरायला लागली.

माझ्या दाराला एक कुलूप आहे. प्रत्येक सेट बोलताना सोबत एक बारीक गुणगुण सोडतो. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, पण ती ओळखीची असली तरच माझं तोंड उघडतं. एका रविवारी राजेश गच्चीवर आला आणि त्याने माझी गुणगुण बदलून टाकली. नवी कुठली, हे मोबाइलच्या ग्रुपवर सगळ्यांना कळवलं; वायरलेसवर ते बोलायचं नाही असं बजावलं, नाहीतर तो चोरही ऐकायचा. शिवदासांचा मोबाइल बंद होऊन कितीतरी महिने झाले होते.

त्या संध्याकाळी लवू थांबले आणि शिवदासांचा सेट आला. मला तो लख्ख ऐकू येत होता. तीच घसरण, तेच सावरणं. पण गुणगुण जुनी. माझं तोंड उघडेना. श्वेताने राजेशला पुकारलं आणि तो खुशीत म्हणाला, "गेली एकदाची पीडा." मंडळी हसली.

तिकडे भांडुपला शिवदास बटण सोडत होते आणि परत दाबत होते. पूर्वी बटण सोडलं की माझा सुस्कारा त्यांना परत ऐकू यायचा, म्हणजे आपण पोचलो हे कळायचं. आता काहीच येत नव्हतं. सगळ्यांचं बोलणं, हसणं मात्र त्यांना स्वच्छ ऐकू येत असणार, कारण ते मीच पाठवत होतो. हजेरी संपली, सगळे गेले, तरी ते दाबत राहिले. मी यंत्र आहे, मला रडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी मी रडलो असतो.

असं बरेच दिवस चाललं. मग दाबणं कमी होत गेलं, आणि एका संध्याकाळी लवू झाल्यावर काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यानंतर एका दुपारी खोलीचं दार उघडलं. राजेश होता, त्याच्यामागे श्वेता, आणि सगळ्यात मागे कठडा धरून धापा टाकत राधाकाकू. काकूंच्या काखेत कापडी पिशवी होती. राजेशचा चेहरा पार उतरला होता. तो श्वेताला अडखळत सांगत होता ते मी ऐकलं. काकू सकाळी बस बदलत बदलत त्याच्या दुकानात आल्या होत्या, टॉवेलात गुंडाळलेला सेट घेऊन. हा बोलत नाही आता, बघ काय झालंय, म्हणाल्या. ते दाबतात आणि पलीकडून काही येत नाही. परवापासून हातातच घेत नाहीत, जेवण तसंच राहतं. दुरुस्त होईपर्यंत सेट इथेच ठेवा असं राजेशने म्हटलं, तर काकू त्यालाही तयार नव्हत्या. हजेरीच्या आत तो घरी पोचलाच पाहिजे म्हणून अडून बसल्या. राजेशने सेट उघडून बघितला. आतला गुणगुणीचा तुकडा शिवदासांनी स्वतःच्या हाताने डाग देऊन पक्का बसवलेला, न बदलण्यासारखा. बिघाड कुठेच नव्हता.

श्वेताने काकूंचा हात धरला. "काकू, तुम्ही एकदा तरी बोलायचं होतंत. नुसतं 'मी राधा' म्हटलं असतंत तरी आम्हाला कळलं असतं."

"माझं कुठं लायसन्स आहे?" काकू म्हणाल्या. "मी सेट हातात देते नि बटणावर अंगठा ठेवून देते. दाबतात तेच. लवू झाले की ह्यांचा नंबर ना? तू आजकाल नाव घ्यायची विसरतेस, म्हणून आपले आपणच हजेरी लावतात."

श्वेता नुसती माझ्या कपाटाकडे बघत राहिली.

राजेश खाली मान घालून म्हणाला, "काकू, सेट चांगला आहे. कुलूप मी बदललं."

"मग उघड की," काकू म्हणाल्या.

त्याने उघडलं. एरवी डोळे मिटून करायचं काम, पण पहिल्या खेपेला चुकलंच. झाल्यावर त्याने जुनीच गुणगुण परत लावल्याचं ग्रुपवर कळवलं. काकूंनी पिशवीतून सेट काढून राजेशसमोर धरला. त्याने बटण दाबून सोडलं आणि मी मोठ्याने सुस्कारलो. काकूंनी मान हलवली, सेट परत टॉवेलात गुंडाळला. राजेश रिक्षा बघायला धावत खाली गेला.

संध्याकाळी हजेरी सुरू झाली. लवूंनी अळूला नवं पान फुटल्याचं सांगितलं. मग श्वेताने शिवदासांची कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं त्यांचं सांकेतिक नाव, घेतली, अक्षरन् अक्षर सावकाश, आणि पुढे म्हणाली, "शिवदासकाका, तुमची हजेरी." आणि तिने बटण सोडलं.

काहीच आलं नाही. कुणी मध्ये बोललं नाही. मी कान लावून बसलो.

मग तो सेट आला. जरासा घसरला, सावरला. पण या वेळी बटण दाबून सोडलं नाही, दाबूनच ठेवलं. मागे कुकरची शिट्टी झाली. एक जड श्वास ऐकू आला, मग दुसरा, आणि मग घशातून ओढून काढलेला एक आवाज. शब्द नव्हता तो. कुठल्याही भाषेतला नव्हता. मला जेवढ्या लांब पाठवता आला तेवढ्या लांब मी तो पाठवला.

"काका, पूर्ण ऐकू आलं," श्वेता म्हणाली. "हजर."

मग तिने राजेशला पुकारलं. त्याचा सेट आला. त्याने बटण दाबलं, धरून ठेवलं आणि एकही शब्द न बोलता सोडून दिलं. खट् झालं आणि मी सुस्कारलो. हे कोण, म्हणून कुणी विचारलं नाही.

आता माझंही वय झालंय. कपाटाच्या तळाला गंज चढलाय, एका नळकांड्याचा स्क्रू सैल होतो, पावसाळ्यात कानात खरखर येते. नवा डिजिटल डबा आणायचा विषय मंडळीत निघतो. जरूर आणा. मी तक्रार करणार नाही, जन्मभर दुसऱ्याचंच बोलत आलेल्याला निरोपाचं भाषण कसलं जमतंय?

फक्त एवढं करा. माझ्या जागी जो कुणी येईल त्याच्यावरही हजेरी घ्याल तेव्हा लवू झाले की शिवदासांना पुकारा, आणि पुढच्या नावाची घाई करू नका. डाव्या हाताने बटण दाबायला त्यांना जरा वेळ लागतो.