फळीवरची खाच

मित्रांनो, मी भाज्या चिरायची एक जुनी लाकडी फळी आहे, आणि माझ्या पाठीवर एक अख्खी कादंबरी लिहून झाली यावर माझा स्वतःचाच अजून विश्वास बसत नाही.

एका सुताराने मला हॉटेलच्या स्वयंपाकघरासाठी घडवलं. पहिल्या दिवशी मी नुसती बघतच राहिले. आठ शेगड्या एकदम पेटलेल्या, आणि मधोमध मुख्य स्वयंपाकी, म्हणजे वस्ताद, चमच्यातला एक थेंब जिभेवर ठेवून डोळे मिटून उभे! माझी मालकीण तिथे नवी होती. तिचा हात असा चालायचा की कांद्याला तिला रडवायची सवडच मिळायची नाही. मला पुसताना ती म्हणायची, फळी असावी तर अशी. मी फुगायचे. ओलं लाकूड तसंही फुगतंच म्हणा.

शेजारच्या शेगडीवर तिची मैत्रीण असायची. त्यांना सगळे सावकाशबाई म्हणत, कारण त्यांचं सूप चार तास मंद आचेवर शिजायचं आणि त्या तसूभरही घाई करायच्या नाहीत. वस्तादांना हाताखाली एकजण नेमायचं होतं. दोघींपैकी कोण, ते एका दुपारच्या सूपवरून ठरणार होतं. माझ्या मालकिणीला ती जागा इतकी हवी होती की जेवायच्या सुट्टीतही ती माझ्यावर चिरत बसायची.

मागच्या दाराशी भाजीवाला आला. भाजी निवडून घ्यायला सावकाशबाई बाहेर गेल्या. माझ्या मालकिणीचा डावा हात पुढे गेला आणि त्याने मैत्रिणीचा गॅस मोठा केला. उजवा हात चिरतच होता, पण तो इतक्या जोरात खाली आला की सुरी माझ्यात रुतून बसली. ती खाच अजून आहे.

सूप तळाला लागलं. वस्तादांनी चव घेतली आणि पातेलं मोरीत ओतलं. "गॅसकडे लक्ष ठेवता येत नाही?" एवढंच ते बोलले. आठवड्याभरात सावकाशबाई काम सोडून गेल्या. गॅस कुणी मोठा केला ते पाहणारी मी एकटीच होते, आणि मला तोंड नाही.

मालकीण पुढे खूप मोठी झाली. प्लास्टिकच्या रंगीत फळ्या आल्या आणि मी एका डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली गेले. फार वाईट वाटायचं. पण पाठीच्या दुखण्याने तिला हॉटेल सोडावं लागलं, तेव्हा निघताना तिने कपाट उचलायला लावून मला घरी नेलं.

पलंगावर पडल्या पडल्या ती कादंबरी लिहायला लागली. मांडीवर मी, माझ्यावर कागद. मी थक्क झाले. न पेटलेल्या शेगडीची धग कागदावर येत होती! फक्त कादंबरीत गॅस मोठा करणारा एक दुष्ट माणूस होता, जो त्या स्वयंपाकघरात कधी नव्हताच. आणि दर पानावर पेन माझ्या खाचेत जायचं, कागद फाटायचा.

वैतागून तिने नवऱ्याला सांगितलं. तो रंधा घेऊन आला. "दोन हात मारतो, गुळगुळीत होईल बघ."

तिने खाचेवर बोट ठेवलं. "नको. राहू दे."

मग तिने सगळी पानं फाडली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, "गॅस मी मोठा केला." चार शब्द! मित्रांनो, आठ शेगड्या पाहूनही मी इतकी दिपले नव्हते.

पुस्तक छापायला देण्याआधी तिने सावकाशबाईंना घरी बोलावलं आणि तो भाग वाचून दाखवला. वाचताना कागद माझ्यावरच होते.

"अकरा वर्षं मी घराबाहेर पडताना तीनतीनदा मागे येऊन गॅस बघते," सावकाशबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, माझंच लक्ष नसतं. हे आहे तुझ्या पुस्तकात?"

"नाही."

"मग लिही."

माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. जाताना त्यांनी सवयीने स्वयंपाकघरात डोकावून गॅस बघितला. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि मागे न येता निघून गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला पाण्यात बुडवून ठेवू नका. धुवा, पुसा, वाऱ्यावर उभी करा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. फक्त तिच्या खाचा रंधा मारून काढू नका. कुणाला तरी त्यांच्याजवळ पुन्हा यावं लागेल.