बाहेरची कडी

टप्पकन नळाचा थेंब वाटीत पडला आणि वाक्य वाया गेलं.

तिने रेकॉर्डिंग थांबवलं, कपाटातून बाहेर आली, नळाखाली फडकं ठेवून पुन्हा आत शिरली. तिन्ही बाजूंना टांगलेल्या रजया, मध्ये माइक, मांडीवर धाकट्या बहिणीने लिहिलेली कादंबरी. लोकांची पुस्तकं वाचून दाखवणं हे तिचं पोटापाण्याचं काम आणि लेकीची, ठमीची, दुपारची झोप हाच तिचा स्टुडिओ. खुनी, राण्या, खोकणारे म्हातारे, सगळ्यांना तिने लीलया बोलतं केलं होतं. या पुस्तकातल्या थोरलीपाशी आलं की मात्र एकेक वाक्य पुन्हा पुन्हा घ्यावं लागायचं.

कादंबरीतली धाकटी पहाटेच्या बसने नाटक शिकायला पळून जाणार असते. थोरली ते वडिलांना सांगते. वडील खोलीला बाहेरून कडी घालतात. खट्. तिथेच प्रकरण संपतं आणि मग पुस्तकभर, साधी डबी मिटली तरी, तोच ‘खट्’ ऐकू येत राहतो. इथवर सगळं खरं होतं. वडिलांना सांगताना थोरली ओढणीचं टोक चघळत होती, तेसुद्धा.

शेवटच्या पानावर मात्र थोरली अंधारात उठते, कडी काढते आणि परत पांघरुणात शिरते. या वेळी आवाज होत नाही.

खरी पहाट वेगळी होती. आतून “ताई” अशी हाक आली होती आणि तिने उशी कानावर ओढून घेतली होती. उन्हं वर आल्यावर आईने दार उघडलं. बस केव्हाच गेली होती. त्यानंतर कित्येक वर्षं धाकटी तिच्याशी बोलली नव्हती.

फोन थरथरला. धाकटीच.

“काय गं ताई, संपलं का? का अजून अडखळतेच आहेस?”

“शेवटचं पान राहिलंय.”

“संध्याकाळपर्यंत पाठव. सगळ्यांआधी मी ऐकणार आहे, सांगून ठेवते.”

“ऐक ना.” तिने रजईचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. “ते कडीचं... तसं कुठे झालं होतं?”

“कादंबरी आहे ती, पंचनामा नाही.”

“पण तू दुसऱ्या कुणाला का नाही दिलंस वाचायला?”

“तुझ्याइतकं फुकटात कोण राबणार!” धाकटी हसली आणि हसता हसता थांबली. “तिला रडवू नकोस हं. तिच्या मनातलं मी अक्षरही लिहिलेलं नाही. नुसता हात लिहिलाय. तेवढा हात वाच.”

फोन बंद झाला. दोऱ्याखाली बोट पांढरं पडलं होतं.

तिने वाचलं. थोरलीसाठी ठेवलेला जाडसर, करडा आवाज या वेळी आलाच नाही. आला तो तिचा स्वतःचा. पान संपलं तेव्हा तिचा उजवा हात कपाटाच्या अंधुक उजेडात वर उचललेला होता. तिने तो पटकन खाली घेतला आणि दार ढकललं.

बाहेर ठमी उभी. केस विस्कटलेले, उशी काखेत. केव्हाची ऐकत होती कोण जाणे.

“उठलीस होय गं? थांब, मावशीला एवढं पाठवते.”

तिचं बोट फोनवर टेकणार, एवढ्यात ठमीने तिची बाही ओढली.

“आई, त्या ताईनं कडी काढलीच नसती, तर तिची बहीण तिच्याशी परत बोलली असती?”