धावड्याच्या वरातीत जळालेली कॉइल

मी एक जुना सबवूफर आहे. शहागडच्या रामेश्वरच्या जीपमध्ये, मागच्या सीटखाली, चारी बाजूंनी बंद अशा लाकडी पेटीत मी बसतो. मित्रांनो, गाण्यातला खोल, जाड आवाज, म्हणजे बास, काढणे हे माझे काम. पेटीत कोंडलेली हवा माझ्या पडद्याला गादीसारखी सावरते.

मला बसवले ते गावातल्याच संपतने. त्याने अॅम्प्लिफायरवरचा सबसॉनिक फिल्टर चालू केला. कानाला ऐकू न येणाऱ्या फार खोल लहरी हा फिल्टर अडवतो.

"बंद पेटीला फिल्टर लागत न्हाई म्हणतेत," रामेश्वर म्हणाला.

"साधं वाजवलं तर न्हाई लागत. पण तू बास फुल्ल करणारा गडी. फिल्टरच्या बटणाला हात लावू नको."

पुढे धावड्याला रामेश्वरच्या चुलतभावाची वरात निघाली, आणि गाणी वाजवायला आमची जीप लावली. पोरांनी हलगीचे एक रेकॉर्डिंग लावले; ते भर वाऱ्यात मोबाइलवर टिपलेले होते. रामेश्वरने बास पूर्ण वाढवला आणि आणखी दम यावा म्हणून फिल्टर बंद केला. लोक नाचू लागले. मीही हुरळलो. पण त्या रेकॉर्डिंगमधली वाऱ्याची न ऐकू येणारी घरघर आता थेट माझ्यावर आदळत होती. पेटीतली हवाही मला सावरू शकेना. पडदा मर्यादेबाहेर हलला, खडखडला आणि त्याला हलवणारी तारेची कॉइल जळाली.

"काय रामेश्वर, हलगीला खोकला झाला का?" कुणीतरी ओरडले. सगळे हसले.

रामेश्वर ओशाळला. "संपतनं फिटिंगच कच्ची केली," तो म्हणाला.

"मंग आपल्या ट्रॅक्टरला स्पीकर बसवायचं काम त्याला न्हाई द्यायचं," नवरदेवाचे वडील त्रिंबककाका म्हणाले.

संपत तिथे नव्हता. मला सगळे ठाऊक होते, पण जळाल्यावर आवाज कुठून काढणार? ती टोचणी अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी संपतने मला उघडले. काळी पडलेली कॉइल पाहिली, मग बटण पाहिले.

"मीच बंद केल्तं," रामेश्वर मान खाली घालून म्हणाला.

"काकांचा फोन आल्ता मला. बदनामी भर वरातीत, अन् कबुली इथं एकट्यात देऊन राह्यला व्हय?"

रामेश्वरने काकांना फोन लावला. "काका, संपतचं काम बराबर होतं. बिघाड मी केला. खोटं बोललो."

"मला एकट्याला काय सांगतो? सगळ्या गावानं ऐकलंय. रविवारी ये अन् पारावर सांग."

"येतो," रामेश्वर म्हणाला.

मित्रांनो, कुठलीही वस्तू हाताळण्याआधी तिची मर्यादा विचारून घ्या आणि पाळा. ती तुमच्या हातून बिघडलीच, तर दोष दुसऱ्यावर ढकलू नका. आम्हा मुक्या वस्तूंना साक्ष देता येत नाही.