हॅझलकोटमधल्या हॅझलकोटबाई

आमच्या हॅझलकोट गावी चर्चच्या आवारात एकाच थडग्यापुरती जागा उरली होती. गावाचे नावच माझे आडनाव असल्याने ती माझीच, असे मी चर्चच्या सभेत बजावले.

त्याच जागेवर हक्क सांगणारी विनिफ्रेड टॅपरेल फिस्कन हसली. “अहो बाई, गावातल्या माणसाला गावाच्या नावानं कोण हाक मारतं? गाव सोडलं की परके लोक मारतात. तुमचे पूर्वज इथून पळालेले!”

पाद्रीबुवांनीही मान डोलावली. आयुष्यभर ताठा सांभाळून मी थकले होते.

“गेले असतील, विनी. पण परत आले ना? आता मला पुन्हा कुठे धाडू नका.”

विनिफ्रेडने हात झटकला. “घ्या जागा. शेजारच्या थडग्यात माझी सासू आहे, तिच्यापुढे तुमचंही काही चालायचं नाही.”