नवव्या नंबरचा खड्डा

मी खड्डा बोलतोय. हसू नका, रस्त्यातला नव्हे. गोल्फच्या मैदानावरचा, नवव्या नंबरचा. वीतभरही रुंद नाही मी, पण माझ्यात चेंडू पाडण्यापायी भलीभली माणसं घरदार विसरतात.

माझा जन्म रोज व्हायचा. माळीबुवा सकाळी यायचे, हिरवळीवर नव्या जागी मला कापायचे आणि तिथली गवतासकट निघालेली माती जुन्या जागी बसवायचे. एकाच जागी राहिलो तर भोवतालचं गवत पायाखाली मरतं ना! "चला, बिऱ्हाड हलवा," असं मला म्हणून स्वतःच हसायचे. सव्वीस वर्षं हेच चाललं.

मैदानाभोवती घरं आहेत. माझ्या कुंपणाला लागून राहतात त्या निवृत्त शिक्षिका, सगळ्यांच्या काकू. अंगणात चेंडू पडला की काकू मैदानाच्या ऑफिसात तक्रार लिहून देत. काच फुटली, तक्रार. कुंडी फुटली, तक्रार. काहीच फुटलं नाही तर "फुटली असती" म्हणून तक्रार. मग माळीबुवा चेंडू मागायला जात. काकू आधी चार शब्द सुनावत आणि मग चहा देत. काका गेल्यापासून त्यांच्याकडे दुसरं कोणी फिरकत नव्हतं.

आता इथे बारा मजली इमारती बांधायचं घाटतंय. त्यासाठी रहिवाशांची सभा भरली, तीही माझ्या शेजारी, हिरवळीवर खुर्च्या टाकून. खुर्च्यांचे पाय गवतात रुतले तेव्हाच माळीबुवा काय ते समजले. बिल्डरच्या माणसाने जाडजूड फाईल उघडली.

"लोकांनाच मैदान नकोय. या एकशे चाळीस तक्रारी बघा."

सगळ्या एकाच वळणदार अक्षरात होत्या. काकू उठल्या.

"अहो, मी भांडत होते. मैदान काढा असं कुठे म्हटलं?"

"सही तुमचीच ना, काकू?"

"हो," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

निर्णय अजून व्हायचाय म्हणे. पण खुणेच्या खुंट्या ठोकून झाल्यात आणि माळीबुवांना घरी बसवलंय. अकरा दिवस मी एकाच जागी आहे. माझी कड ढासळत चाललीय, गवत पिवळं पडलंय. मला फार भीती वाटते.

काल काकू कुंपणाच्या फाटकातून आल्या. हातात एक जुना चेंडू होता. कशाबशा वाकून त्यांनी तो माझ्यात ठेवला.

"घरात ठेवून काय करू? मागायला कोणी येतच नाही."

चेंडू अजून माझ्यात आहे. कोणाला हवा असेल तर मी बुजायच्या आत या. फक्त येताना काकूंच्या दारावरून या, आणि चेंडू त्यांच्याकडेच मागा.