पांढऱ्या काठांचा अनंत

मी एक जुना अनंत आहे. पडेगावात, आप्पांच्या अंगणात. मित्रांनो, माझी फुलं अजूनही घमघमतात, पण पानांकडे बघू नका. ती नुसती हिरवी आहेत, आणि तेच माझं दुःख आहे.

मी मूळचा शहरातल्या एका बेगमसाहेबांच्या बागेतला. तिथं माझ्या पानापानाला पांढरा काठ होता. काय रुबाब होता म्हणून सांगू! सूर्यभानआप्पा त्या बागेचे माळी. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन निजामी राजवट गेली, तेव्हा बेगमसाहेब घरदार सोडून हैदराबादेला निघाल्या. जाताना त्यांनी माझी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आप्पांना दिली. म्हणाल्या, "सूर्यभान, हरी डाली निकली तो काट देना. नै तो सब हरा हो जाता. मैं आको देखूँगी."

त्या कधीच आल्या नाहीत. आप्पांनी मात्र ती फांदी इथं अंगणात रुजवली आणि शब्द पाळला. हिरवी फांदी जोमानं वाढते आणि काठवाल्या फांदीला उपाशी मारते, हे ते जाणून होते. हिरवा कोंब दिसला की कात्रीनं कच्चकन उडवायचे आणि फाटकाकडे बघून म्हणायचे, "बेगमसाहेब, जसाच्या तसा हाय बरं का." फाटकात कुणी नसायचं. तरी मलाही तिथं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

वीस-बावीस वर्षांनी आप्पांना मोतीबिंदू झाला. कात्री थांबली. हिरव्या फांद्या माजल्या. काठवाल्या जेमतेम तीन उरल्या, त्याही किडकिडीत. आप्पांना मूलबाळ नव्हतं, म्हणून पुतण्या कारभारी आणि त्याची बायको मंजुळाबाई अजिंठ्याकडची शेती सोडून त्यांना सांभाळायला आले. माणसं सोन्यासारखी. कारभारीनं आप्पांना ऑपरेशनला नेलं. "दिसाया लागलं की पहिलं माझं झाड बघंन," आप्पा जाताना म्हणाले.

ते कारभारीनं मनावर घेतलं. आप्पा यायच्या आदल्या दिवशी त्यानं मला निरखलं. त्याचा जन्म ज्वारीत गेलेला. ज्वारीच्या पानावर पांढरे पट्टे आले की तो केवडा रोग, ते रोप उपटून टाकायचं, एवढंच त्याला ठाऊक. "मंजुळे, झाडाला केवडा पडलाय की!" म्हणत त्यानं त्या तिन्ही फांद्या कापल्या आणि चुलीत घातल्या. अरे बाबा, थांब! पण झाडाला तोंड कुठं असतं?

दुसऱ्या दिवशी आप्पा जाड चष्मा लावून माझ्यापुढे उभे राहिले. एकेक फांदी वाकवून बघू लागले.

"आप्पा, समदा केवडा काढला बघा," कारभारी हौसेनं म्हणाला. "कसं हिरवंगार झालंय!"

आप्पांनी वाकवलेली फांदी सोडून दिली. त्यांनी कारभारीच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्हय बाबा," ते म्हणाले. "लई चांगलं केलंस."

मित्रांनो, दुसऱ्यानं जपलेलं झाड छाटण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि तुम्ही काही जपत असाल, तर ते का जपता हे घरात कुणाला तरी सांगून ठेवा. आप्पा मरेपर्यंत हे कुणाला बोलले नाहीत. आता कारभारीही म्हातारा झालाय. रोज पाणी घालतो, माझ्यावर त्याची फार माया आहे. बुडाशी एखादं पांढऱ्या काठाचं पान फुटलं, की तो वाकून हळूच खुडून टाकतो.