मास्तरांचा उजवा पाय

देवानं माणसाला वेड द्यायचं ठरवलं की तो वय विचारत नाही. मास्तरांना बुद्धिबळाचं वेड लागलं तेव्हा त्यांचे निम्मे केस गेले होते आणि उरलेले जायच्या बेतात होते. तोवरचा सारा जन्म त्यांनी लोकांना गाडी शिकवण्यात घालवला होता. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि मास्तरांच्या उजव्या पायाखाली त्यांचा स्वतःचा जादा ब्रेक. घाबरट आले, उतावळे आले, गिअर बदलताना डोळे मिटून घेणारे आले. सगळे धडधाकट शिकून गेले. मास्तरांच्या गाडीला साधा पोचा म्हणून आला नाही.

पटावर मात्र माणूस पोचेच पोचे!

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शुक्रवारी संध्याकाळी क्लब भरायचा. मास्तर गेली कित्येक वर्षं तिथे नेमानं जात आणि नेमानं हरत. त्यांचे जुने मित्र मेडिकलवाले समोरच्या खुर्चीवर बसत, दुकानात गिऱ्हाइकाला औषध समजावून सांगावं तसे शांतपणे मास्तरांना हरवत, आणि मग दोघं मिळून चहा पीत. हरण्याचं मास्तरांना फारसं वाटत नसे. पण यंदा क्लबचे सेक्रेटरी, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, यांनी नवा नियम काढला. स्पर्धेत जो तळाला राहील त्याची बदली नवशिक्यांच्या गटात. आणि नवशिक्यांचा गट भरणार रविवारी सकाळी.

रविवारी सकाळी तर मास्तरांच्या गाडीला दम खायलाही फुरसत नसे. नोकरीवाले सगळे शिकाऊ त्याच दिवशी यायचे. म्हणजे तळाला जाणं म्हणजे क्लब सुटणं, आणि क्लब सुटणं म्हणजे मेडिकलवाल्यांच्या समोरची खुर्ची सुटणं. 

मग काय, मास्तर कंबर कसून अभ्यासाला लागले. समोरच्याला फशी कसं पाडावं यावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. मेहुण्यानं मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिलं. आणि गंमत अशी, की मोबाइलला मास्तर हरवू लागले! रोज हरवू लागले! मेहुणा चकित झाला.

"दाजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात."

"अरे, अभ्यास आहे हा, अभ्यास," मास्तर मिशीतल्या मिशीत हसले.

पण स्पर्धा सुरू झाली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मोबाइलवर वाघ, क्लबात शेळी. मास्तर मोठ्या कष्टानं सापळा रचत. समोरच्याचा हात नेमका त्या चुकीच्या सोंगटीवर येऊन तरंगत राही. तरंगणारच, कारण क्लबात हात लागला की ती सोंगटी हलवावीच लागते. मास्तर श्वास रोखून बसत. आणि तो हात, कोण जाणे कसा, ऐनवेळी मागे जाई! एकदा नाही, दरवेळी. मास्तरांना वाटे, आपल्या नशिबातच काही खोट आहे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी बायकोला सरावाला बसवलं. तिला सोंगट्या कशा चालतात एवढंच ठाऊक, तेही मास्तरांनी हातापाया पडून शिकवलं म्हणून. मांडीवर मटारचं ताट घेऊन ती सोलता सोलता खेळू लागली.

"अहो, तुमचा वजीर गेला बरं का."

"गेला कसा? मी तर तुझ्या हत्तीसाठी फास टाकला होता!"

"हो, टाकला होता की. छान होता."

दुसरा डाव झाला. तिसरा झाला. मटार संपले, मास्तरही संपले. त्यांनी डोळे बारीक केले.

"खरं सांग. माझं पुस्तक चोरून वाचतेस ना?"

"इश्श! ती वीट कोण वाचणार? मी तुमचा पाय ऐकते."

"पाय?"

"मी चुकीच्या सोंगटीवर हात नेला की तुमचा उजवा पाय टेबलाखाली ठक्कन् वाजतो. मग मी हात काढून घेते. दुसरीकडे नेते. वाजला नाही की खेळते." शेंगांची सालं गोळा करत ती हसली. "इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुकीवर ब्रेक दाबलात तुम्ही. आता पायाला कसं कळावं, की ही चूक आपल्याला हवी आहे?"

मास्तर खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. घरच्याच माणसानं बाहेर जाऊन चुगल्या कराव्यात आणि आपल्याला पत्ताही नसावा, तसं त्यांचं तोंड झालं.

उपाय सुरू झाले. बायकोनं कागदी पिशवी फुगवून त्यांच्या पायाखाली ठेवली. तिचा हात उंटावर गेला आणि पिशवी फटकन् फुटली. दुसरी ठेवली, तीही फुटली. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, "वाढदिवस कुणाचा आहे?" मास्तरांनी पाय खुर्चीवर घेऊन मांडी घातली, तर पायाला मुंग्या आल्या आणि मुंग्या आलेला पायही वेळेवर उडालाच. मेहुणा हे सगळं बघत होता. त्याच्या डोक्यात निराळाच किडा वळवळला.

"दाजी, एवढं कशाला झगडता? उलटं करा! समोरचा चांगली चाल करायला निघाला की ठक्कन् वाजवा. तो घाबरून वाईट खेळेल."

"अरे, ही तर लबाडी झाली."

"लबाडी कसली? तुमचा पाय, तुमची फरशी."

मास्तरांचं मन डळमळलं. शेवटचा सामना मेडिकलवाल्यांशीच होता, आणि तळातून वर यायला तो जिंकावाच लागणार होता. त्यांनी बायकोवर प्रयोग केला. तिचा हात बरोबर घोड्यावर गेला, मास्तरांनी मुद्दाम पाय वाजवला, तिनं हात काढला, आणि बिचारी चार चालींत मात खाऊन बसली.  तिनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि पट आवरला. जिंकूनही मास्तरांना दुपारचा चहा गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत एक शिक्षिका शिकायला होती. हुशार, पण घाई फार. चौकात वळण घेताना तिला सायकलवाला दिसला नाही. मास्तरांना दिसला. आणि मास्तरांचा पाय, जो आजवर डोक्याला न विचारता पडत होता, तो क्षणभर थबकला. जणू विचारत होता, आता खरा दाबू की खोटा? लगेच पडला, गाडी थांबली, सायकलवाला चार शब्द सुनावून निघून गेला. शिक्षिकेला काही कळलंच नाही.  पण मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

"सर, माझं चुकलं का?" तिनं घाबरत विचारलं.

"तुमचं नाही हो," मास्तर म्हणाले, "मी माझ्या पायाला भलतंच शिकवत होतो."

घरी येऊन त्यांनी कागदी पिशव्या कपाटात टाकल्या. मेहुण्याला म्हणाले, "हा पाय देवानं मला दुसऱ्याला सांभाळायला दिलाय. त्याला खोटं बोलायला लावणार नाही, आणि गप्पही करणार नाही. वाजायचं तेव्हा वाजू दे."

"मग हराल, दाजी!"

"हरेन तर हरेन."

बोलायला सोपं होतं ते. शुक्रवारी वाचनालयाचा जिना चढताना त्यांना सारखं वाटत होतं, की या कठड्याला हात लावायची ही शेवटचीच वेळ.

मेडिकलवाले आधीच येऊन बसले होते. "ये, ये. चेहरा का असा? कडू औषध घेतलंस?"

"आज जिंकलो नाही तर रविवारचा होईन मी."

"ठाऊक आहे. पण म्हणून मी सोडणार नाही हं."

"सोडशील तर याद राख," मास्तर म्हणाले.

डाव सुरू झाला. मास्तरांनी सापळा एकही रचला नाही. रचून उपयोग काय, पाय सांगून टाकणार. शिकाऊ माणसाला अरुंद गल्लीतून गाडी मागे घ्यायला लावावी, तसे ते इंचाइंचानं खेळले. सोंगट्या एकेक करून पटावरून गेल्या. मेडिकलवाल्यांपाशी राजा, एक घोडा आणि एक प्यादं उरलं. राजा त्या प्याद्याची राखण करत होता. घोडा एक घर अडवून उभा होता, नाहीतर मास्तरांचं प्यादं तिथे पोचून वजीर झालं असतं. मास्तर खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपला राजा हळूच एक घर सरकवला. शह नाही, मार नाही, काही नाही.

मेडिकलवाल्यांनी चष्मा पुसला. हात घोड्यावर नेला.

ठक्.

हात मागे आला. घोडा हलला तर मास्तरांचं प्यादं सुटणार होतं. त्यांनी हात राजावर नेला.

ठक्.

राजा हलला तर प्यादं मरणार होतं. हात त्या प्याद्यावर गेला. प्याद्याला पुढे जागाच नव्हती, त्यामुळे पायही वाजला नाही. पुन्हा घोडा. ठक्. पुन्हा राजा. ठक्. आणि खेळायला तर हवंच, बुद्धिबळात आपली पाळी दुसऱ्याला देता येत नाही. शेजारच्या टेबलांवरचे लोक माना वळवून बघू लागले. सेक्रेटरी जवळ आले.

"मास्तर, हे पायाचं काय चाललंय?"

"राहू द्या हो त्याला," मेडिकलवाले पटावरची नजर न काढता म्हणाले. "तो खरं तेच सांगतोय. सगळ्याच चाली वाईट आहेत." त्यांनी एकेका सोंगटीकडे शेवटचं बघितलं, हार मानून राजा आडवा केला आणि मास्तरांपुढे हात केला. "घे. राहिलास शुक्रवारचा."

मास्तरांना तो हात धरायचं भान आधी राहिलंच नाही. सेक्रेटरींनी खडूनं फळ्यावर गुण लिहिला, मास्तरांचं नाव तळापासून एक ओळ वर सरकलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं.

"थांब. म्हणजे तुला पायाचं ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि एका शब्दानं बोलला नाहीस? चोरा! इतकी वर्षं फुकट जिंकलास!"

"फुकट कसं? चहाचे पैसे मीच देत होतो की." मेडिकलवाले गालात हसले, मग हळूच म्हणाले, "माझी मुलगी तुझ्याकडे गाडी शिकत होती रे तेव्हा. पहिल्याच संध्याकाळी टेबलाखाली तो आवाज ऐकला आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. असल्या पायाला बंद कर म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगणार?"

 मास्तरांनी नाक ओढलं, सोंगट्या गोळा केल्या आणि पुन्हा मांडायला घेतल्या, पांढऱ्या आपल्याकडे, काळ्या त्याच्याकडे.

"पुढच्या शुक्रवारी पायाखाली उशी घेऊन येणार आहे मी," ते डोळे न उचलता म्हणाले.

"आण की," मेडिकलवाले म्हणाले, "मी कान टेबलाखाली घालून बसेन."